जहाज मुंबईत एकच दिवस: पाहुण्यांना कुठे भेटाल, काय दाखवाल

परदेशात स्थायिक झालेले आपले आत्या-काका किंवा मामा-मामी निवृत्तीनंतर लांबच्या समुद्रसफरीला निघतात आणि एक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो, "आमचं जहाज मुंबईला लागतंय. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा." घरात एकच गडबड उडते. कुणी म्हणतं डोंबिवलीला घरी जेवायला आणू, कुणाला सिद्धिविनायक आठवतो, मुलांना सी-लिंक दाखवायचा असतो. दहा तास म्हणजे पुष्कळ झाले असं वाटतं. प्रत्यक्षात हातात सहा-साडेसहा तासच येतात. पहिल्यांदाच असा पाहुणा घेणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी फोर्टातच नोकरी करते आणि नात्यातली, ओळखीतली जहाजाने येणारी माणसं बहुधा माझ्याकडेच सोपवली जातात.

माझं ठाम मत आधी सांगते. पाहुण्यांना घरी नेऊ नका, घरच्यांना फोर्टात घेऊन या. सीएसएमटीहून डोंबिवलीला जलद लोकलने तासाभराहून जास्त लागतो. जाऊन-येऊन, रिक्षा धरून, तीन तास प्रवासातच गेले. रविवार असेल तर मेगाब्लॉक. शिवाय पाहुणे पाटावर बसलेले आणि डोळे घड्याळाकडे, अशा जेवणात कुणाचाच जीव लागत नाही. त्यापेक्षा आजी, काकू, मुलं सगळ्यांनी सकाळची लोकल पकडून सीएसएमटी किंवा चर्चगेट गाठावं.

आधी वेळ उलटी मोजा

जहाज सहाला सुटणार म्हणजे पाहुण्यांनी सहाला पोचायचं असं नाही. सगळ्यांनी जहाजावर परत येण्याची एक वेगळी वेळ असते. ती सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि जहाजावर रोज वाटल्या जाणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत छापलेली असते. पाहुण्यांना आदल्या रात्री त्या पानाचा फोटो पाठवायला सांगा. त्यावर बंदरातल्या जहाजाच्या एजंटाचा फोन नंबरही असतो, तो स्वतःच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

आता पाचची वेळ दिली असेल तर मागे या. गेटवर सव्वाचारला असायला हवं, कारण पुढे सुरक्षा तपासणी आणि गोदीतली बस असते. म्हणजे शेवटच्या ठिकाणाहून पावणेचारला निघायचं. हे सकाळी भेटल्या भेटल्या बोलून घ्या.

"आत्या, पावणेचारला आपण परतीच्या वाटेला लागायचं हं."

"अगं, पण जहाज सहाला आहे ना?"

"जहाज सहाला, पण तुम्हाला पाचच्या आत वर चढायचंय."

एवढं झालं की दिवसभर कुणाला घाई करावी लागत नाही. आणखी एक गोष्ट विचारा: जहाजावरचं घड्याळ भारतीय वेळेवर आहे का? लांबच्या सफरीत घड्याळं टप्प्याटप्प्याने पुढे-मागे करतात, आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, त्यात अर्ध्या तासाचा घोळ सहज होतो. पाहुण्यांच्या मोबाइलने किनाऱ्याची वेळ धरलेली असते आणि मनगटावर जहाजाची.

सकाळकडूनही वेळ कापा. आठला जहाज लागलं म्हणजे आठला माणसं बाहेर आली असं होत नाही. मुंबई हे सफरीतलं पहिलं भारतीय बंदर असेल तर परदेशी पासपोर्टवाल्यांना इमिग्रेशनच्या रांगेतून जावं लागतं, बोटांचे ठसे, फोटो, सगळं. साडेनऊ ते दहा धरून चाला. लवकर आले तर आनंदच.

कागदपत्रांचं महिनाभर आधी विचारा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे अडलं तर पाहुणे जहाजावरून खालीच उतरू शकत नाहीत आणि तुम्ही गेटबाहेर काहीही करू शकत नाही.

आत्या-काकांकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असेल तर व्हिसा लागत नाही. मात्र कार्ड आणि चालू पासपोर्ट दोन्ही मूळ स्वरूपात बरोबर हवेत. कार्ड लंडनच्या कपाटात आणि फोटो फोनमध्ये, असं चालत नाही. ओसीआय नसेल, किंवा बरोबर त्यांचे गोरे मित्रमैत्रिणी असतील, तर त्यांना व्हिसा लागतो, दिवसभरासाठी उतरायचं असलं तरी. ई-व्हिसा मुंबई बंदरात चालतो. तो भारत सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढायला सांगा, तशीच दिसणारी दलालांची पानं बरीच आहेत. जहाजाचा मार्गही बघा. मुंबईनंतर कोलंबो आणि मग पुन्हा कोची असेल तर तो भारतात दुसरा प्रवेश धरला जातो. तीस दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर दोनदा प्रवेश मिळतो, त्यापेक्षा जास्त फेऱ्या असतील तर वर्षभराचा घ्यावा.

दोन वस्तू जहाजावरच ठेवायला सांगा: सॅटेलाइट फोन आणि ई-सिगारेट. समुद्रावर फिरणाऱ्यांकडे उपग्रहावरून निरोप पाठवणारी छोटी यंत्रं असतात. आपल्याकडे परवानगीशिवाय ती बाळगता येत नाहीत आणि परदेशी प्रवाशांना त्यावरून पोलिसांच्या चौकशीला तोंड द्यावं लागलेलं आहे. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे.

पाहुण्यांना पहाटे डेकवर उभं करा

मला हे सगळ्यात आवडतं, आणि यासाठी तुम्हाला फक्त एक निरोप पाठवायचा असतो. मुंबई सात बेटांचं शहर, हे आपण शाळेत घोकतो आणि मग आयुष्यभर लोकलमधून बघतो. पाहुणे मात्र त्याच्याकडे समुद्रावरून येत असतात. त्यांना सांगा, उजाडायच्या सुमाराला वरच्या डेकवर जा आणि जहाजाच्या डाव्या बाजूला उभे राहा. बंदरात शिरताना कुलाब्याच्या टोकापलीकडे खडकावर उभं असलेलं प्रॉन्ग्ज दीपगृह आधी दिसतं, मग कुलाब्याचा दांडा, मग ताजचा घुमट आणि गेटवे. उजवीकडे थळ, मांडवा, करंजा, उरणचे डोंगर. थळसमोरच्या समुद्रातला खांदेरीचा किल्लाही त्याच बाजूला, तिथल्या दीपगृहाला कान्होजी आंग्र्यांचं नाव आहे. धुकं असलं तर यातलं निम्मं दिसणार नाही, हिवाळ्यात बहुतेकदा असतंच. तरी उठायला सांगा.

भेटायचं कुठे

क्रूझ जहाजं बॅलार्ड पियरला लागतात. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २०२५ मध्ये झालं. तुम्हाला आत जाता येत नाही, गोदीचा परिसर बंदिस्त आहे. भेटीची जागा एकच ठरवा: बॅलार्ड इस्टेटमधलं ग्रीन गेट, बाहेरच्या बाजूला. गोदीच्या भिंतीला रंगांच्या नावाची अनेक गेटं आहेत, रेड, यलो, ऑरेंज, त्यामुळे टॅक्सीवाल्यालाही "ग्रीन गेट, बॅलार्ड पियर" असं पूर्ण सांगा. पाहुण्यांचा फोन किनाऱ्यावर चालेलच असं नाही. म्हणून "पोचलो की फोन करतो" यावर विसंबू नका. साडेनऊपासून तिथे उभं राहायची तयारी ठेवा आणि ते आधीच कळवा.

गेट, गोदी, पुढे नौदलाच्या हद्दीतलं लायन गेट, इथे फोटो काढू नका. मुलांना विशेष सांगून ठेवा.

दक्षिण मुंबईत रिक्षा नाहीत, हे परदेशातून आलेल्यांनाच काय, ठाण्याच्या मुलांनाही आठवण करून द्यावं लागतं. काळी-पिवळी मिळते. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये आहेत. मीटर टाकायला सांगूनच बसा. जहाज लागलेल्या दिवशी गेटवर "फुल डे, सगळी मुंबई" असं सांगणारे असतात. सगळी मुंबई तुम्हाला करायचीच नाहीये.

घारापुरी की फोर्ट, एकच

इथे निर्णय घ्यावा लागतो. दोन्ही होत नाही, आणि करायला गेलात तर दोन्हीकडे नुसतं टेकून परत यावं लागतं.

घारापुरी, म्हणजे एलिफंटाची लेणी, कुणासाठी? ज्यांचे गुडघे ठीक आहेत, ज्यांना लेणी-शिल्पं यांत खरी गोडी आहे आणि जे साडेनऊपर्यंत बाहेर येतात, त्यांच्यासाठी. गेटवेहून लाँचला तासभर लागतो. उतरल्यावर धक्क्यावरून लांब चालणं, तिथे छोटी आगगाडी आहे, आणि मग सुमारे १२० पायऱ्या. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. लेणी सोमवारी बंद. पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही, पण तेव्हा ही जहाजंही क्वचितच येतात. लाँचमध्ये चढता-उतरताना कधी एका बोटीतून दुसऱ्या बोटीत पाय टाकावा लागतो, तेव्हा साडी आणि पायातून निसटणाऱ्या चपला टाळलेल्या बऱ्या. लाइफ जॅकेट उकडतं म्हणून काढून ठेवू नका, १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून लाँच बुडाली होती.

गेलात तर मुख्य लेण्यात निवांत तासभर द्या. उत्तरेच्या दारातून आत शिरल्यावर सुरुवातीला काही दिसत नाही, खांबांच्या रांगा आणि अंधार. तिथेच दोन मिनिटं थांबा. डोळे सरावले की समोरच्या भिंतीत सदाशिवाची मूर्ती हळूहळू उलगडते, जवळजवळ वीस फूट उंच. सहाव्या शतकाच्या सुमाराचं काम. मधला चेहरा शांत, मिटल्या डोळ्यांचा. तुमच्या डाव्या हाताचा चेहरा उग्र, मिशा, कपाळाला आठी. उजव्या हाताचा कोवळा, हातात कमळ. बहुतेक लोक समोर उभं राहून फोटो काढतात आणि निघतात. पाहुण्यांना एकदा डाव्या कडेला आणि एकदा उजव्या कडेला नेऊन उभं करा, एकाच दगडातली तीन वेगळी माणसं भेटतात. मग दोन्ही बाजूंचे शिल्पपट बघा, डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगा जटेत झेलणारा शिव. बाकीची लेणी वेळ उरला तर. माकडांपासून पिशव्या सांभाळा, खाणं दिसलं की ओढतात.

बेटावर माणसं राहतात, तीन वाड्या आहेत, हे पाहुण्यांना जरूर सांगा. मुंबईच्या झगमगाटासमोर असलेल्या या गावाला समुद्राखालून टाकलेल्या केबलने कायमची वीज मिळाली ती २०१८ मध्ये. वाटेवरच्या दुकानांतून सरबत, काकडी, चिंचा घ्या, ते पैसे गावातच राहतात.

परतीची लाँच दीडच्या आसपास पकडलीत तर अडीच-तीनला गेटवेला असाल. मग जेवण, मग गेट.

फोर्टात राहणार असाल तर

बरोबर म्हातारी माणसं असतील, मुलं असतील, किंवा दिवस सोमवार असेल, तर निःशंकपणे फोर्ट. नियम एकच: लांबचं सकाळी करा आणि दिवस कलेल तसं जहाजाच्या जवळ या.

सिद्धिविनायकाचं कुणाच्या मनात असेल तर ते पहिलं काम. आता मेट्रो ३ थेट आहे, सीएसएमटी स्टेशनात उतरायचं जमिनीखाली आणि सिद्धिविनायक स्टेशनला वर यायचं, रस्त्यावरच्या वाहतुकीचा प्रश्नच नाही. लिफ्ट आहेत. रविवारी मेगाब्लॉकची भीती नाही. मात्र मंगळवारी नको, तिथली रांग तुमचा अख्खा दिवस खाईल. दर्शन करून परतताना त्याच मेट्रोने थेट हुतात्मा चौकात उतरा.

मंदिर नसेल तर ग्रीन गेटहून सीएसएमटीला टॅक्सीने जा. १८७८ ते १८८७ या काळात बांधलेलं हे स्टेशन २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, हे सगळे सांगतात. आपण रोज धावतपळत जातो म्हणून एक गोष्ट नजरेतून सुटते: भिंतींवरचं कोरीवकाम. पानं, मोर, माकडं, छोटे प्राणी, जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या हातचं. समोरच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह, एकावर वाघ. लहान मुलांना "किती प्राणी सापडतात बघा" असं कामाला लावलं की मोठ्यांना शांतपणे बघता येतं. समोरच ‘आराम’ उपाहारगृहात वडापाव खा. हा पहिला घास इथलाच असावा असं मला वाटतं, आणि अनेक वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो. तिखट चटणी वेगळी मागा.

तिथून दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानींखालून सावलीसावलीने हुतात्मा चौक. परदेशी पाहुणे फ्लोरा फाउंटनचा फोटो काढतील, तो १८६४ चा आहे. तुम्ही त्यांना शेजारच्या मशालधारी जोडीच्या पुतळ्यापुढे न्या, शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी प्राण दिले, १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. परदेशात जन्मलेल्या भाचरांना हे कुणी सांगितलेलं नसतं. फार लांबण न लावता, चार वाक्यांत सांगा, पण सांगा.

पुढे ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं: पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ, उच्च न्यायालय, सगळं टोकदार कमानींचं. पश्चिमेला गोल कोपऱ्यांच्या, फिकट रंगांच्या आर्ट डेको इमारती. एकाच जागी मान वळवून दोन काळ दिसतात, आणि २०१८ मध्ये दोन्ही मिळून जागतिक वारसा ठरले ते याचसाठी. कामाचा दिवस असेल आणि साडेअकराच्या सुमाराला तिथे असाल तर पाच मिनिटं चर्चगेट स्टेशनबाहेर जा. डबेवाले डबे उतरवून वाटणी करत असतात. त्यांच्या वाटेत उभं राहू नका, कडेने बघा.

ऊन चढलं की काळा घोड्याला संग्रहालयात शिरा. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं, सोमवारीही. सावली, बाकं, स्वच्छ स्वच्छतागृह, आणि बघायला काय हवं ते. ज्येष्ठ माणसं बरोबर असताना या तीन गोष्टींचं मोल मोठं आहे. सगळी दालनं करू नका. तळमजल्यावरची शिल्पं पुरे.

शेवटी गेटवे. ४ डिसेंबर १९२४ ला खुलं झालेलं हे दार जॉर्ज विटेटने आखलं, बॅलार्ड इस्टेटही त्याचीच. इथल्या अपोलो बंदरावर ९ जानेवारी १९१५ ला गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतले. प्रवासी भारतीय दिवस नऊ जानेवारीला असतो तो त्यामुळे. समुद्रमार्गे घरी येणाऱ्या आत्याला ही माहिती सांगायला याहून योग्य जागा नाही.

जेवण गेटाजवळ

गेटवेहून टॅक्सी करून बॅलार्ड इस्टेटला परत या. आता ग्रीन गेट चालत पाच-दहा मिनिटांवर आहे, त्यामुळे निवांत बसता येतं. ब्रिटानिया इथेच आहे, १९२३ पासूनचं इराणी उपाहारगृह, बेरी पुलावसाठी प्रसिद्ध. ते फक्त दुपारी चालू असतं, सुटीचा वार आधी विचारून घ्या. गर्दी असते, दीडच्या सुमाराला एकाने पुढे जाऊन नाव द्यावं. मासे हवे असतील तर फोर्टात मालवणी, गोमंतकीय खाणावळी चिकार आहेत. पोट नाजूक असलेल्यांना बंद बाटलीतलं पाणी द्या, बर्फ नको, कापलेली फळं नकोत. त्यांना संध्याकाळी पुन्हा समुद्रावर जायचंय.

घरच्या जेवणाचाच हट्ट असेल, आणि आजीचा असतोच, तर पुरणपोळ्या, आळूवड्या डब्यात आणा आणि सकाळीच बागेत किंवा मैदानाच्या कडेला बसून खा. संध्याकाळी हातात डबा देऊन "जहाजावर खा" म्हणू नका. बऱ्याच जहाजांवर बाहेरचं शिजवलेलं अन्न वर नेऊ देत नाहीत, तपासणीत काढून घेतात. आंबे, ताजी फळं, फुलांची वेणी, घरचं लोणचं यांचंही तेच. पुढे ऑस्ट्रेलियासारखं बंदर असेल तर तिथले नियम आणखी कडक आहेत. द्यायचंच असेल तर दुकानातली सीलबंद चकली, बाकरवडी, किंवा सरळ साडी, पुस्तकं.

परत सोडताना

सव्वाचारला गेटवर. आत जाण्याआधी जहाजाचं कार्ड आणि पासपोर्ट हातात आहेत ना ते विचारा, पर्समध्ये तळाशी गेलेले असतात. निरोप गेटबाहेरच घ्यायचा आहे, म्हणून गळाभेटी, फोटो, नमस्कार यांना दहा मिनिटं राखून ठेवा.

आणि उशीर झालाच तर? जहाज कंपनीच्या स्वतःच्या सहलीवर गेलेल्या प्रवाशांसाठी जहाज थांबतं. आपल्याबरोबर फिरणाऱ्यांसाठी थांबेलच असं नाही. रस्त्यात अडकल्याचं लक्षात येताच त्या पानावरच्या एजंटाला फोन लावा, गेटवर पोचेपर्यंत वाट पाहू नका. जहाज सुटून गेलं असेल तरी पहिला फोन त्यालाच. अशा वेळी पाहुण्यांचे कागद जहाजावरून उतरवून ठेवले आहेत का, हे त्यालाच माहीत असतं. पुढचं बंदर मुरगाव किंवा कोची असेल तर विमानाने, रेल्वेने गाठता येतं, खर्च आपला. ते कोलंबो असेल तर आधी श्रीलंकेच्या प्रवेश परवान्याचं विचारा, मगच तिकीट काढा. आणि त्या रात्री मात्र पाहुण्यांना घरी न्या, डोंबिवली असली तरी.